पयली झुंज, मगे झेप

श्रावणातल्या एका सकाळी घाटात दरड आली आणि फोंडाघाटच्या बाजारात वर जाणाऱ्या गाड्या एकामागे एक उभ्या राहिल्या. कोल्हापूरला निघालेली एक तरुण प्राध्यापिका छत्री मिटत पुन्हा मामाच्या पडवीत येऊन बसली. माती उपसून रस्ता मोकळा व्हायला दुपार होणार होती. ती कोल्हापुरात इतिहास शिकवते, मोडी वाचते आणि मराठे-इंग्रज संबंधांवर काम करते. मामा एसटीचे निवृत्त चालक. देवगड-निपाणी रस्त्यावर, नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी, मुधाळतिट्टा या वाटेवर त्यांची नोकरी सरली. वस्तीची गाडी असली की मुक्कामाला, चाळीसच्या बल्बखाली, त्यांच्या हातात कादंबरी असायची. ती सवय अजून आहे.

पडवीतल्या फळीवरून त्यांनी तीन जाड पुस्तकं काढली आणि भाचीसमोर ठेवली. ना. सं. इनामदारांची ‘झेप’, ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’. तिन्हींचे कोपरे गोल झालेले, एकाची पाठ खाकी कागदाने चिकटवलेली.

“रस्ता सुटेपर्यंत एक तरी सुरू कर,” मामा म्हणाले. “पयली झुंज, मगे झेप. आणि मंत्रावेगळा अगदी शेवटी.”

“मामा, मी वर्षभर हाच काळ कागदांतून वाचते. सुट्टीत पुन्हा त्याच काळाची कादंबरी?”

“म्हणूनच सांगतोय.”

पुढचे तीन-चार तास दोघं बोलत राहिली. बोलणं मालवणीत झालं. इथे ते बहुतेक प्रमाण मराठीत आणलं आहे, दोन-चार वाक्यं मात्र जागची हलवलेली नाहीत.

मराठीत लढायांच्या कादंबऱ्यांची रीघ जुनी आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली पुस्तकरूपात आली. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’, ‘सूर्यग्रहण’ असा शिवकाल उभा केला. सिंहगडावर पडून अधू झालेल्या नाथमाधवांनी अंथरुणावरून स्वराज्याची आख्खी माला लिहिली. गो. नी. दांडेकरांनी ‘बया दार उघड’पासून ‘हे तो श्रींची इच्छा’पर्यंत पाच कादंबऱ्या दिल्या. या सगळ्या उगवत्या काळाच्या गोष्टी. वाचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो आणि तो सुखाचा असतो. इनामदारांनी मात्र मावळतीचा काळ घेतला. १७९७ ते १८१८ या वीस-एकवीस वर्षांत मराठ्यांचं राज्य कसं गेलं, हे त्यांनी तीन माणसांच्या बाजूने लिहिलं, आणि ती तिन्ही माणसं शाळेच्या पुस्तकात बदनाम. यशवंतराव होळकर लुटारू, त्रिंबकजी डेंगळे खुनी, दुसरे बाजीराव पळपुटे.

‘झेप’ आली १९६३ साली. त्याच्या आदल्या वर्षी रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली होती आणि थोरल्या माधवरावांच्या निष्कलंक चित्राने महाराष्ट्र भारून गेला होता. अशा वेळी आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या एका लेखकाने नायक म्हणून त्रिंबकजी डेंगळ्याला निवडावं, याला धाडस लागतं. पुढे १९६६ मध्ये यशवंतरावांवर ‘झुंज’ आणि १९६९ मध्ये दुसऱ्या बाजीरावांवर ‘मंत्रावेगळा’. आज इनामदारांचं नाव काढलं की लोकांना ‘राऊ’ आठवते, आणि २०१५ च्या बाजीराव-मस्तानीच्या चित्रपटाने ती आणखी घरोघरी पोचली. १९९७ च्या अहमदनगरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. पण त्यांचं खरं काम या तिघींत आहे, असं मामांचं ठाम मत. मालिका म्हणून त्या छापलेल्या नाहीत. सलग वाचल्या की मात्र एकच लांब युद्ध तीन खिडक्यांतून दिसतं.

भाचीने पहिली हरकत घेतली ती क्रमावरच. “लेखकाने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाचावं ना? ‘झेप’ आधी लिहिली तर ती आधी.”

“तसं मी एकदा वाचलं आणि फसलो,” मामा म्हणाले. “‘झेप’ आधी वाचलीस की त्रिंबकजीच्या निष्ठेने तू हळवी होतेस. मग त्याचा धनी बाजीराव, तोही आपोआप बरा वाटायला लागतो. नंतर ‘झुंज’ हातात येते आणि विठोजीचं प्रकरण वाचताना तू बाजीरावाला सवलत देतेस. उलट ‘झुंज’ आधी वाच. विठोजी मनात घेऊन पुढे जा. मग ‘मंत्रावेगळा’मध्ये बाजीराव कितीही कळवळून बोलला तरी तू त्याला पुरता सोडणार नाहीस.”

विठोजी म्हणजे यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात बाजीरावांच्या हुकमाने त्यांना हत्तीच्या पायी दिलं. चार वर्षांपूर्वी, १७९७ च्या सप्टेंबरात, थोरले भाऊ मल्हारराव पुण्यातच दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या हल्ल्यात मारले गेले होते. यशवंतराव तेव्हा निसटले, नागपूरकर भोसल्यांच्या कैदेत पडले, तिथूनही सुटले आणि मोजकी माणसं हाताशी धरून त्यांनी फौज उभारली. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरच्या बाजूला शिंदे-पेशव्यांच्या एकत्र फौजेचा त्यांनी पराभव केला. बाजीराव पुणं सोडून सिंहगड, रायगड, महाड करत कोकणात उतरले, समुद्रमार्गे वसईला पोचले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. इतिहासाच्या प्राध्यापिकेला यातलं काही नवं नव्हतं. तिच्या लक्षात आला तो क्रमाचा मुद्दा. वाचनाची दिशा बदलली की सहानुभूतीचं वजन बदलतं, हे तिने कबूल केलं. मात्र लगेच दुसरं काढलं.

“तुमचा यशवंतराव शूर होता, मान्य. जुलै-ऑगस्ट १८०४ मध्ये त्याने कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पावसाचिखलातून पळवलं, इंग्रजांची एवढी दाणादाण हिंदुस्थानात फार थोड्या वेळा झाली. पुढच्या वर्षी भरतपूरच्या किल्ल्यावर जनरल लेकने चार हल्ले केले, तीन हजारांवर माणूस मेलं नाही तर जखमी झालं, तरी किल्ला पडला नाही. हे सगळं मी वर्गात शिकवते, मुलांचे डोळे चमकतात. पण १८०३ मध्ये तो कुठे होता? असईला शिंदे-भोसले हरले, लासवारीला शिंद्यांची पलटणं कापली गेली, गाविलगड गेला. तेव्हा हा बाजूला उभा राहून बघत होता. आणि तो लढायला उठला तेव्हा शिंद्यांचे हात बांधलेले होते. कादंबरीकार त्याला देशासाठी लढणारा करतो. मला त्यात घराण्याचं वैर जास्त दिसतं.”

मामा थोडा वेळ पावसाकडे बघत बसले. “वैर होतंच. दोन भाऊ मारलेत त्याचे. तू माझ्या जागी विचार कर, ज्याच्या दारात भावाला हत्तीखाली घातलं त्याच्या आणि त्याच्या दोस्ताच्या मदतीला तू दोन-अडीच वर्षांत धावशील? कागद सांगतो, १८०३ ला आला नाही. का आला नाही, ते कळायला मला चारशे पानं त्याच्याबरोबर घोड्यावर बसावं लागलं.”

“का आला नाही ते कळलं म्हणजे बरोबर केलं असं होत नाही.”

“मी बरोबर म्हटलंच नाही. मी कळलं म्हटलं.”

इथे मामांची बाजू भक्कम आहे. युद्धाची चांगली कादंबरी निवाडा देत नाही, ती माणूस त्या चुकीपर्यंत कसा चालत गेला ती वाट दाखवते. तोल्स्तोयने १८१२ च्या स्वारीवर ‘युद्ध आणि शांती’ लिहिली ती घटनेनंतर अर्ध्या शतकाने, तेव्हा सगळ्या लढायांचे अहवाल छापून झालेले होते. तरी रशियन माणूस आजही बोरोदिनोच्या रणांगणात त्या कादंबरीतूनच जातो. मराठी वाचक मुकुंदऱ्याच्या खिंडीत कशातून जाणार? त्याच्या अभ्यासक्रमात ती खिंड एका ओळीची आहे.

पण भाचीचा पुढचा मुद्दा जास्त खोल होता आणि त्याला मामांकडे पुरतं उत्तर नव्हतं.

“१८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ माहीत आहे? पाऊस गेला हे एक, पण त्याआधी दोन वर्षं होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजा नगर-खानदेशातून फिरत होत्या. उभी पिकं घोड्यांनी खाल्ली, पेवं फोडली, बैल नेले. गावंच्या गावं ओस पडली. तुमच्या तिन्ही पुस्तकांत माणसं सरदारांची आहेत. पेव कुणाचं फुटलं, ते कुणी लिहायचं?”

“तां खरां,” मामा म्हणाले.

मग ते उठले, आत जाऊन कोऱ्या चहाची दोन भांडी घेऊन आले आणि बसता बसता म्हणाले, “पण ‘झेप’चा नायक सरदाराच्या पोटी आलेला नाही.”

त्रिंबकजी डेंगळे संगमनेरकडच्या निमगाव जाळीचे. पेशव्यांच्या पदरी ते आले ते जासूद म्हणून. जासूद म्हणजे निरोप पोचवणारा, बातमी आणणारा, रात्री-बेरात्री पायाला भिंगरी लावून पळणारा माणूस. तिथून ते बाजीरावांच्या इतके मर्जीत गेले की काही वर्षांतच राज्याचा कारभार त्यांच्या हातात आला. इंग्रजांचे पुण्यातले रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना हा माणूस पहिल्यापासून नको होता. १८१४ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. एल्फिन्स्टननी ठपका त्रिंबकजींवर ठेवला, बाजीरावांनी काही आठवडे टाळलं आणि शेवटी आपला माणूस त्यांच्या स्वाधीन केला. ठाण्याच्या किल्ल्यात त्यांना ठेवलं.

मामा ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. आयुष्यभर त्यांनीही घाटावरून खाली, खालून घाटावर माणसं आणि सामान पोचवलं. कुणाचा औषधाचा डबा, कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाच्या मयताची खबर. टेलिफोन नव्हते तेव्हा फोंड्याच्या कितीतरी घरांना कोल्हापूरची बातमी ड्रायव्हरच्या खिडकीतून मिळायची. जासूद या शब्दाशी त्यांचं नातं पुस्तकी नाही. “मोठ्या माणसाचा निरोप नेणाऱ्यालाच शेवटी धरतात,” ते म्हणाले. “ज्याने निरोप दिला तो वाड्यात बसलेला असतो.”

“म्हणजे खून त्याने केला नाही असं तुमचं म्हणणं?”

“माझं काहीच म्हणणं नाही. इंग्रजांनी त्याच्यावर उघड खटला चालवला?”

“नाही,” भाची म्हणाली. “चौकशी एल्फिन्स्टनची, निवाडाही त्याचाच. त्रिंबकजींना कुणी न्यायासनापुढे उभं केलं नाही. हुकूम नेमका कुणाचा, यावर अजून वाद आहे.”

“मग वकील तरी मिळू दे त्याला. दीडशे वर्षांनी एक मिळाला, इनामदार.”

ठाण्याहून त्रिंबकजी निसटले ती हकिगत कोणत्याही कादंबरीकाराला मोहात पाडेल अशी. पहारा पक्का राहावा म्हणून इंग्रजांनी तिथे सगळे गोरे सैनिक ठेवले होते. त्यामुळे मराठी कुणालाच येत नव्हती. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मोतद्दार म्हणून राहिलेला एक मराठा गडी खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यांतून वर जायचा. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री पक्षी उडाला. ही गोष्ट बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या प्रवासवर्णनातही येते. १८२४ मध्ये ते गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात गेले, तेव्हा पुन्हा पकडलेले त्रिंबकजी तिथे कैदेत होते. १८२९ मध्ये ते तिथेच वारले.

“या मोतद्दाराचं नाव मला कुठल्याच कागदात सापडलेलं नाही,” भाची म्हणाली. “मला कादंबरी हवी ती त्याची.”

“लिही की मगे.”

ती हसली, पण तिने वहीत काहीतरी टिपलं.

याच ठिकाणी तिने हिलरी मँटेलचं नाव काढलं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल लोहाराचा मुलगा, राजाच्या मर्जीने वर चढलेला, सगळ्यांनी काळाकुट्ट रंगवलेला आणि शेवटी राजानेच वधस्तंभावर पाठवलेला. मँटेलने २००९ ते २०२० या काळात त्याच्यावर तीन जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या, पहिल्या दोघींना बुकर पारितोषिक मिळालं, आणि बदनाम मंत्र्याच्या आतून इतिहास बघण्याच्या तिच्या धिटाईचं जगभर कौतुक झालं. मामांनी ते नाव ऐकलं नव्हतं. गोष्ट ऐकल्यावर त्यांनी ‘झेप’वर हात ठेवला आणि नुसतं साल उच्चारलं, “१९६३.” त्यांचा अभिमान रास्त आहे. मराठीत हे सेहेचाळीस वर्षं आधी झालेलं होतं, आणि आपण ते कधी कुणाला सांगितलं नाही.

बाजीरावांच्या बाबतीत मात्र दोघांची तडजोड झाली नाही.

“तां माका पटणा नाय,” भाचीने सरळ सांगून टाकलं. वसईच्या तहाने त्याने सहा हजारांची इंग्रज तैनाती फौज आपल्या खर्चाने घरात घेतली. १३ जून १८१७ च्या पुणे कराराने मराठेशाहीचं नावाला उरलेलं पुढारपणही सोडलं. ५ नोव्हेंबरला खडकीला लढाई झाली तेव्हा तो पर्वतीवरून बघत होता, बापू गोखले लढत होते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि पेशवा पुढे निघाला. ३ जूनला इंग्रज सेनानी माल्कमच्या हवाली झाला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत, तेहेतीस वर्षं, तिथे राहिला. “याच्या मनात काय चाललं होतं हे जाणून मला काय करायचंय? त्याच्या मनाची किंमत हजारो माणसांनी दिली.”

मामा चिडले नाहीत. तेहेतीस या आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. “एवढी वर्षं रोज सकाळी उठून हा माणूस गंगेवर स्नानाला जात असेल. आपल्या हाताने राज्य गेलं हे ठाऊक असलेला. शिवाजी महाराजांवर पुस्तक वाचताना मला माझी लाज वाटत नाही, मी कधीच तसा नव्हतो. बाजीरावावर वाचताना वाटते. वरिष्ठाने कागद पुढे केला आणि मी न वाचता सही केली, असं माझ्या नोकरीत झालेलं आहे. एकदा तर माझ्या सहीने एका कंडक्टरला भोगावं लागलं. म्हणून मला तो कळतो. तुला तो कळायला नको असेल तर नको. तुझं वय आहे त्याला.”

भाची काही बोलली नाही. पन्हाळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा होता. मामांनी इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात कधी काढली नव्हती.

मग तिनेच वाट बदलली आणि कागदांवर आली. कादंबरीचा धोका तिला वाटतो तो असा, की वाचकाला संवाद लक्षात राहतात आणि ते संवाद कुणी बोललेलेच नसतात. पाच-दहा वर्षांनी भाषणांत, फलकांवर, मोबाइलवर ती वाक्यं इतिहास म्हणून फिरतात. सिंहगडाचंच बघा. तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, हे घराघरात पोचवलं हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ने आणि तिच्यावरच्या चित्रपटांनी. प्रत्यक्षात तानाजींच्या १६७० च्या पराक्रमाआधी सात वर्षं, १६६३ च्या एका पत्रात, गडाचं नाव सिंहगड असंच आलेलं आहे.

“तानाजी त्यामुळे लहान झाला?” मामांनी विचारलं.

“नाही. पण माझ्या विद्यार्थ्याला मी ते पत्र दाखवलं की तो मलाच देशद्रोही समजतो.”

“ते कादंबरीचं पाप नाही, दुसरं पुस्तक न वाचण्याचं आहे. आणि तुझे कागद तरी कुणाचे गं? रेसिडेंटाची पत्रं, ग्रँट डफचं पुस्तक. हरवणाऱ्याने लिहिलेले.”

हा मार अर्धाच बसला. ग्रँट डफ स्वतः कंपनीचा लष्करी अधिकारी, साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला. त्याचा ग्रंथ १८२६ चा, म्हणजे तोफा थंड होऊन आठ वर्षं झालेली. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार गो. स. सरदेसाई आणि जदुनाथ सरकारांनी छापून काढला तोही इंग्रजांच्याच दप्तरातला. पण भाचीने मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांची आठवण दिली. शाळेत शिक्षक असलेल्या या माणसाने पटवर्धनांच्या दप्तरातली हजारो मराठी पत्रं वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड छापले. छावणीत दाणा काय भावाने मिळाला, कोणत्या सरदाराला ताप आला, कोण कुणाशी अबोला धरून आहे, हे त्यात येतं. सरदेसायांनी निवडलेल्या पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड आहेत. “हे हरलेल्यांचेच कागद आहेत, मामा. तुमच्या कादंबरीकाराने याच विहिरीतून पाणी काढलंय.”

“मग विहिरीला नावं का ठेवू? मी फक्त कळशीतून पितो.”

भाचीनेही आपल्या पिशवीतलं एक नाव पुढे टाकलं आणि यावेळी मामांचे डोळे मोठे झाले. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज लेखकाने रिचर्ड शार्प या काल्पनिक शिपायाची मोठी कादंबरीमाला लिहिली आहे. शार्प अनाथ, शिपाईगिरीतून वर आलेला. नेपोलियनच्या युद्धांसाठी ती माला गाजली, पण तिची काळाप्रमाणे पहिली तीन पुस्तकं हिंदुस्थानात घडतात. १७९९ चं श्रीरंगपट्टण, १८०३ ची असई आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरातला गाविलगड.

“गाविलगड? आपला, अमरावतीकडचा?”

“तोच. ज्या लढाईत ‘झुंज’चा नायक येत नाही ती लढाई इंग्रजी पोरं शार्पच्या मागे धावत वाचतात. आणि तिथे जे दिसतं ते शिपायाच्या उंचीवरून. बूट फाटलेत, पाणी नाही, सार्जंट छळतोय. आपल्या बाजूचा असा शिपाई मराठीत कुठे आहे? शिंद्यांच्या पलटणीत कोकणातली माणसं होती. त्यांचे बक्षी जिवबादादा पेडण्याच्या केरीचे, म्हणजे इथून फार लांबचे नव्हेत. त्यांच्या मागे गेलेली पोरं परत आली की नाही?”

हा प्रश्न सिंधुदुर्गात बसून विचारला की वेगळा लागतो. या वीस वर्षांच्या युद्धाला कोकणाच्या बाजूनेही अंगण आहे. सावंतवाडीच्या राणी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांच्या वेढ्याने जेरीला आल्या तेव्हा निपाणीच्या सिदोजीराव निंबाळकरांची मदत त्यांनी घेतली. मामांच्या गाडीचं शेवटचं स्थानक ज्या गावी, तिथले हे सिदोजीराव. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांनी मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांना दिला, त्याच वर्षी सावंतवाडीकडून वेंगुर्ला गेलं. १८१८ मध्ये विजयदुर्ग. पुण्याचं निशाण उतरण्याच्या पाच वर्षं आधी मालवणच्या किनाऱ्यावर दुसरं चढलेलं होतं. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठल्याही शाळेत विचारा, १६६४ चं सिंधुदुर्गाचं बांधकाम पोरांना पाठ असतं. १८१२ कुणी विचारत नाही.

“हे तिन्ही पुस्तकांत नाही,” मामांनी मान्य केलं. “पण ती वाचली म्हणून मला १८१२ शोधावंसं वाटलं. पूर्वी मी मालवणला जायचो तेव्हा किल्ला बघायचो आणि सोलकढी पिऊन परत यायचो. ‘मंत्रावेगळा’ संपल्यावर गेलो तेव्हा होडीवाल्याला विचारलं, हा किल्ला गेला कधी? तो म्हणाला, गेला कुठे, हा काय समोर.”

दुपारी दीडच्या सुमारास बाजारातून हॉर्न ऐकू आले. घाट सुटला होता. घाईघाईने दोघांनी उकड्या तांदळाचा भात आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाल्ली. भाचीने ‘झुंज’ पिशवीत टाकली. बाकीच्या दोन मामांनी देऊ केल्या तरी घेतल्या नाहीत. “तुमचाच क्रम पाळते. पण अट आहे.” तिने पिशवीतून न. चिं. केळकरांचं ‘मराठे व इंग्रज’ काढून फळीवरच्या मोकळ्या जागेत ठेवलं. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाली त्या १९१८ सालचं ते पुस्तक, आणि त्यात संवाद नाहीत. “मी ‘झुंज’ संपवीन तोवर तुम्ही हे संपवायचं. आणि प्रत्येक ठिकाणी इनामदार वेगळं काय म्हणतात ते पेन्सिलने लिहायचं.”

“पुस्तकात?”

“पुस्तकातच. माझं आहे.”

मामा तिला गाडीपर्यंत सोडायला आले. खिडकीतून त्यांनी सवयीने ड्रायव्हरला वरच्या वळणांवर मातीचा राडा कुठे कुठे असेल ते सांगितलं. गाडी घाटाला लागली. पावसात भिजत ते परत पडवीत आले, चष्मा पुसला, केळकर उघडले आणि पेन्सिल शोधायला लागले. नातवाच्या दप्तरात एक सापडली, तिचं टोक मोडलेलं होतं. कोयत्याने त्यांनी ते तासलं.

आठवड्याने कोल्हापूरहून फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. भाची नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, “मामा, विठोजीपर्यंत आले. आता झोप लागत नाही.”

“कितव्या पानावर आहेस?” मामांनी विचारलं, आणि अंथरुणातून उठून दिवा लावला.